रिकाम्या जागेवरची तार

खैरुनच्या दुकानात कुणी वायरलेस सेट घेऊन आलं, की ती आधी तो उघडत नाही. आधी माणसाला बाकड्यावर बसवते आणि विचारते. किती दुरून ऐकायचं? किती जवळून? बॅटरी कोणती? आजूबाजूला दुसरं कोण बोलत असतं? गिऱ्हाईक वैतागतं. "खराब हाय बाई, नीट करून द्या ना जी. पोलिसावानी काय इचारून राह्यल्या?"

"दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरले असंच म्हनतेस का? बस गुपचूप."

मूल गावातल्या आमच्या गल्लीत तिचं दुकान माझ्या ओसरीच्या अगदी समोर आहे. दुपारी तांदूळ निवडत बसले की मला तिचं टेबल, त्यावरचा दिवा आणि तिची वाकलेली मान दिसते. पन्नाशीला टेकलेली बाई. केसांत तार गुंडाळायची सळई खोवलेली असते आणि ती घरभर शोधत फिरते. आवाज मोठा. हसणंही मोठं. पण आठ वर्षं तिच्या पोटात एक गोष्ट धगधगत होती, आणि ती विझावी अशी तिची इच्छा नव्हती. उलट रोज तिला फुंकर घालायची.

"माफी नको मले," ती म्हणायची. "माफी त लोक फोनवर बी मागतात. मले त्याचं तोंड पाह्याचं हाय, साऱ्या गावासमोर. जसं अब्बाचं झालं होतं तसं."

तिचे अब्बा म्हणजे गफ्फार मिस्त्री. मी लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हापासून त्यांना पाहत होते. मार्कंड्याच्या जत्रेत त्यांचे कर्णे लागायचे, हरवलेल्या पोरांची नावं पुकारायचे. वडशाच्या नाटक कंपन्यांचे माइकही त्यांच्याकडेच यायचे. आणि वाघांच्या मागावर फिरणारे रिसीव्हर दुरुस्त करणारा तर अख्ख्या भागात तो एकच माणूस.

या रिसीव्हरचं काम साधं. वाघिणीच्या गळ्यातल्या पट्ट्यात एक छोटं यंत्र असतं, ते ठरावीक लहरीवर टिक टिक करत राहतं. जंगलात फिरणारा माणूस हातातली अँटेना चारी दिशांना फिरवतो. ज्या बाजूला टिकटिक मोठी, त्या बाजूला वाघीण.

इथून वीस किलोमीटरवर कोसंबटोला आहे. वाघांचा अभ्यास करणाऱ्या एका खासगी संस्थेसाठी तिथला पोचू हे काम करायचा. सेट पुरवणारी कंपनी वेगळी, तिचा इंजिनिअर प्रफुल. आठ वर्षांपूर्वी पोचूच्या सेटमधला मिक्सर नावाचा भाग जळला. कंपनीकडून नवा यायला महिना लागणार होता. मग प्रफुल साहेब स्वतः गफ्फारभाईंच्या दुकानात आले. अब्बांनी हातानं मिक्सर बनवून बसवला. साहेबांनी दुरुस्तीच्या पावतीवर सही केली, पोचू दुकानात चहा प्यायला आणि सेट घेऊन गेला.

चारच दिवसांनी चैत्रातल्या एका सकाळी पोचूनं अँटेना फिरवली. टिकटिक पूर्वेकडून आली. त्यानं बायांना सांगितलं, "वाघीन पूर्वेले हाय. तुम्ही पश्चिमेचा मोहा वेचा, बेधडक." त्याची बायको कमळा सगळ्यांच्या पुढे होती. वाघीण पश्चिमेलाच होती, मोहाच्या झाडाखाली.

त्या सकाळी आणखी एक गोष्ट घडली होती. पूर्वेच्या नाल्यावर बिबट्यासाठी पिंजरा लावलेला होता, त्यात एक रानडुक्कर अडकलं होतं. पण कमळा गेल्यावर डुकराकडे कोण पाहतो?

चौकशीला लोक आले. प्रफुल साहेबांनी सेट उघडून दाखवला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "हा बघा गावठी मिक्सर. आमचा माल नाही हा. असला जुगाड केल्यावर सेट खोटं बोलणारच."

पोचूनं त्या दिवशी सेट आणून गफ्फारभाईंच्या टेबलावर आदळला होता. मी ओसरीवरच होते. तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "याच्यात आवाज कोनाचा होता, सांग." गफ्फारभाईंना सांगता आलं नाही. पोचू उंबऱ्यावर थुंकला आणि गेला. नंतर लोक येईनासे झाले. जत्रेचे कर्णे दुसऱ्याला गेले. दोन वर्षांत मिस्त्री गेले, आणि शेवटपर्यंत ते एकच विचारायचे, मिक्सरात कुठं चुकलं?

खैरुन तेव्हा सासरी वडशाला होती. नाटकांच्या माइकचं काम करत होती. अब्बांच्या माघारी नवरा आणि सामान घेऊन ती मूलला आली. पाटी बदलली, दुकान उघडलं आणि पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "वैनी, त्या साहेबाचं नाव काय होतं, पुरं सांगा."

गेल्या वर्षी जुन्या खोक्यात तिला पावत्यांचं पुस्तक सापडलं. त्यात त्या दुरुस्तीची कार्बन प्रत होती. तारीख, सेटचा नंबर, आणि अब्बांच्या अक्षरात: "मिक्सर नवीन बसविला. समोरची चाळणी कंपनीनेच बसविलेली नाही, जागेवर तार जोडली आहे. दुसऱ्या लहरीचा आवाज येऊ शकतो. साहेबांस सांगितले." खाली दोन सह्या. एक गफ्फार मिस्त्रींची, एक प्रफुल साहेबांची.

मी म्हटलं, "अगं, हा तर पुरावा झाला!"

"कसला? येऊ शकतो म्हनलं त्यानं. कुठून आला होता, ते कोठी लिवलं हाय? अब्बा बी याच्यापाईच गप राह्यला असन." तिनं पावती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवली. "दुसरा आवाज सापडल्याशिवाय मी तोंड नाई उघडत."

मला तेव्हा यातलं निम्मं कळलं नव्हतं. बी.एस्सी.ला फिजिक्स होतं माझं, पण मिक्सर म्हटलं की डोळ्यांसमोर चटणीचंच भांडं. एका दुपारी तिनं मला समजावलं.

"जंगलातून येनारी लहर भलती उंच, आन अगदी बारीक. तिच्यावर तशीच मेहनत करनं जमत नाई. म्हनून सेट आपल्या पोटात आपली एक जोरदार लहर बनवते. मंग दोघींले या चार डायोडच्या चौकात आनून भिडवते. त्यातून दोन नव्या निघतात. एक बेरजेची, एक वजाबाकीची. बेरीज फेकून द्याची, वजाबाकी ठेवाची. पुढचा सारा सेट त्या वजाबाकीवर जगते."

"म्हणजे दोन गिरण्या शेजारी चालल्या की तिसराच वँव-वँव आवाज येतो, तसं?"

"वाटते तसं, पन नाई. गिरनीचे आवाज नुसते एकावर एक पडतात. इथी गुनाकार होते. पोटातली लहर डायोडचं दार उघडते, लावते, उघडते, लावते. त्या उघडझापीत बाहेरची लहर कापली जाते. कापल्याबिगर नवीन काई निघत नाई."

"आणि चाळणी?"

तिनं गल्लीकडे बोट दाखवलं. "माह्या दुकानापासून दहा घरं सोडून कोन राह्यते?"

"या बाजूला शिंपी. त्या बाजूला दात काढणारे डॉक्टर."

"हां. मिक्सरले फक्त 'दहा घरं' समजते. डावीकडं का उजवीकडं, ते नाई समजत. आपल्या लहरीच्या जेवढी खाली एक, तेवढीच वर दुसरी, दोघींची वजाबाकी सारखीच. म्हनून नको त्या बाजूची लहर मिक्सरच्या आधीच अडवा लागते. ते चाळनीचं काम. चाळनी नसली त जगातला सगळ्यात भारी मिक्सर आना, शिंप्याचा कपडा डॉक्टरकडं जाईनच."

मागच्या माघात प्रफुल साहेब पुन्हा आले.

पांढरी गाडी दुकानासमोर थांबली. केस पिकलेले, पोट सुटलेलं, पण मी ओळखलं. खैरुननं त्यांना कधी पाहिलं नव्हतं. दुकानाची दर्शनी बाजू नवी झालेली आणि पाटीवर आता 'के. जी. इलेक्ट्रॉनिक्स', त्यामुळे हे मिस्त्रींचंच दुकान हे साहेबांनाही उमगलं नाही. मी निवडायचं सूप तसंच टाकून समोर गेले. तिच्या कानाशी वाकून नाव सांगितलं. तिच्या हातातली सळई खाली पडली, तिनं उचलली नाही.

"बसा जी, साहेब," ती म्हणाली. आवाज अगदी मऊ.

साहेबांची अडचण अशी होती. कोसंबटोल्याला दोन दिवसांनी गावसभेसमोर नव्या सेटचं प्रात्यक्षिक होतं. सरपंच दिव्यानीताई आणि गावकरी हो म्हणाले, तर बावीस गावांत हेच सेट लागणार होते. दोन सेट आणले होते. त्यातला एक गाडीत चालू असताना ड्रायव्हरनं शेजारीच वॉकीटॉकी दाबली, आणि सेट बहिरा झाला.

"मिक्सर गेला," खैरुन म्हणाली. "इतक्या जवळून तोफ मारल्यावर कान फुटनारच."

"तुम्हाला कळतं की यातलं! दुसरा सेट सीलबंद आहे, कंपनीचं सील मला फोडायचं नाही. हा नीट झाला तर बरं. आणि हे पण तपासा, बॅटरी बदला." त्यांनी पिशवीतून साबणाच्या वडीएवढा काळा डबा काढला.

"हे काय जी?"

"पिंजऱ्यावर लावतो. दार पडलं की टिकटिक सुरू होते, लांबून कळतं. पहिला तर इथंच लावला होता, कोसंबटोल्याच्या नाल्यावर. आठ-नऊ वर्षं झाली."

साहेब जेवायला गेल्यावर तिनं आधी सेट उघडला. सेटचं बाहेरचं खोकं नवं होतं, आतला सर्किटचा पाट जुनाच. त्यावर तीन गुंडाळ्यांच्या चाळणीचा आराखडा छापलेला होता. जागा मात्र रिकामी, आणि त्या रिकाम्या जागेवरून सरळ एक तार टाकलेली. मग तिनं काळ्या डब्याचं झाकण काढून त्यावरचा आकडा वाचला. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेला पेन्सिलनं मांडू लागली.

पट्ट्याची लहर एकशे पन्नास पॉइंट आठ. सेटच्या पोटातली लहर एकशे एकसष्ट पॉइंट पाच. वजाबाकी दहा पॉइंट सात.

पिंजऱ्याची लहर एकशे बहात्तर पॉइंट दोन. त्यातून एकशे एकसष्ट पॉइंट पाच गेले.

तिनं पेन्सिल खाली ठेवली. मी आकडा वाचला. दहा पॉइंट सात.

"रानडुक्कर," मी म्हटलं.

"रानडुकरानं दार पाडलं," ती हळू म्हणाली. "आन माह्या बापाच्या सेटनं इमानदारीनं ते ऐकलं." मग एकदम हसली. असलं हसणं मी तिच्या तोंडी कधी ऐकलं नव्हतं. "आपला फास सोताच पिशवीत घालून आनला यानं, वैनी! आन वरून म्हनते बॅटरी बदला!"

आता तिच्यापुढे प्रश्न होता तो मिक्सर निवडायचा. तिनं तीन डब्या समोर मांडल्या. एकीत एकाच डायोडचे मिक्सर होते, स्वस्त आणि गळके. पोटातली लहरसुद्धा अँटेनातून बाहेर सांडणारे. दुसरीत चिप होत्या. त्यांना पोटातली लहर थोडीशीच पुरते, आवाज त्या उलट वाढवून देतात, बारीक टिकटिकही पकडतात. पण पट्टा पन्नास पावलांवर आला की त्यांचा गळा दाटतो, मग सगळीकडून सारखाच आवाज येतो. तिसरीत चार डायोडचे चौक होते, अब्बांच्या पद्धतीचे. तिथं आवाज वाढत नाही, उलट आलेल्यातला पाचवा हिस्साच हाती लागतो. ती भर सेटच्या पुढच्या भागात काढावी लागते. पण वाघीण समोर येऊन उभी राहिली तरी चौक गांगरत नाही.

त्या तिसऱ्या डबीतसुद्धा दोन प्रकार होते. तिनं दोन बोटांवर दोन चौक ठेवून मला दाखवले. बाहेरून जुळी भावंडं.

"हा यांच्या सेटले बरोब्बर पुरते. आन हा दुसरा, याची दारं जड. उघडायले पोटातली लहर चौपट जोराची लागते. यांच्या सेटमधी ती नाई. हा लावला त टेबलावर माह्या मशीनसमोर टिकटिक ऐकू येईन, साहेब खूश होऊन जाईन. आन जंगलात पाव किलोमीटरवर बहिरा." तो जड चौक ती बराच वेळ न्याहाळत राहिली. "भरसभेत नाक कापलं जाईन त्याचं. मले काई बोलाचीबी गरज नाई."

"मग?"

"मंग काय. सभा झाल्यावर तो सेट कोनाच्या गळ्यात राहीन? पोचूच्या. नागपूरचा साहेब थोडी जाते मोहाखाली." तिनं जड चौक डबीत टाकला आणि झाकण असं दाबलं की टेबल हललं. "नाई. सेट असा करून देतो का कोनी बोट दाखवू नये. मंग मी बोट दाखवतो."

दुपारभर ती राबली. शंभरेक डायोडांतून मोजून मोजून चार सारखे काढले. तीन तारांची वेणी घालून मण्याएवढ्या कड्यांवर गुंडाळली. लहानपणी अब्बा हे काम तिलाच द्यायचे, तिची बोटं बारीक म्हणून. चाळणीची रिकामी जागा आणि वरची तार मात्र तिनं जशीच्या तशी ठेवली. बोटसुद्धा लावलं नाही.

सायंकाळी साहेबांनी सेट लावून पाहिला. "अरे वा! आमच्यापेक्षा चांगला ऐकतोय. मॅडम, परवा तुम्हीपण चला ना कोसंबटोल्याला. स्थानिक मेकॅनिक आमच्याकडे आहे, असं दिसलेलं बरं."

"येतो ना जी. डब्याले बॅटरी घालून तो बी मीच घेऊन येतो. तुम्ही बोलावलं आन मी नाई आली, असं होईन का?"

मलाही तिनं सोबत नेलं. जाताना पावतीची पिशवी छातीशी धरली होती.

सभा शाळेसमोरच्या चिंचेखाली भरली, सकाळी दहाला. बाया एका बाजूला, माणसं दुसऱ्या. दिव्यानीताई वयानं लहान, पण आवाजाला धार. पोचू शेवटी उभा होता, हडकलेला. खैरुनला पाहून त्यानं मान वळवली. मिस्त्रीची पोरगी आहे हे त्याला ठाऊक होतं.

प्रफुल साहेबांनी जंगलाकडच्या पश्चिमेच्या बांधावर एक पट्टा लपवला होता. पोचूला पुढं बोलावून दुरुस्त केलेला सेट त्याच्या हातात दिला. पोचूनं अँटेना फिरवली. सेटच्या पेटीतून टिक, टिक, टिक. "पश्चिमेले," तो म्हणाला. पोरं धावत गेली आणि पट्टा घेऊन आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"आणि ही मॅडम आमची इथली मेकॅनिक," साहेब म्हणाले. "दुरुस्तीची चिंता नाही."

"साहेब," खैरुन उठली, "आता पट्टा झोपवा."

पट्ट्यावर लोहचुंबक चिकटवलं की तो गप्प होतो. साहेबांनी हसत चुंबक लावलं. टिकटिक थांबली.

"आता पोचूदादाले सांगा, अजून एक डाव फिरवा म्हनून."

"कशाला? पट्टा बंद आहे."

"फिरवू द्या ना. पट्टा बंद असल्यावर सेट गप राह्यते, हे बी लोकांनी पाह्यलं पाह्यजे का नाई?"

"बरोबर हाय," दिव्यानीताई म्हणाल्या. "फिरव रे पोचूकाका."

पोचूनं अँटेना उचलली. पश्चिम, उत्तर. काही नाही. मग पूर्वेकडे वळला, आणि पेटी बोलू लागली. टिक, टिक, टिक. स्पष्ट, मोठ्यानं. पोचूच्या तोंडून सवयीनं शब्द गेले, "वाघीन पूर्वेले हाय."

म्हणता म्हणता तो थांबला. आठ वर्षांपूर्वीचं तेच वाक्य. बायांच्या बाजूला कुणीतरी श्वास आत ओढला.

साहेब घाईनं पुढं झाले. "काहीतरी अडथळा आहे. विजेच्या तारा असतील—"

"पूर्वेले अंगनवाडी हाय," खैरुन म्हणाली. "वैनी, आना जी."

मी अंगणवाडीच्या ओट्यावरून झाकलेली बादली आणली. सकाळी आल्याबरोबर आम्हीच ती तिथं ठेवली होती, आणि पट्टा झोपल्यावर मी हळूच जाऊन आतल्या डब्यावरचं चुंबक काढून आले होते. तिनं आतून काळा डबा काढला, तळहातावर धरला. चुंबक लावलं, पेटी गप्प. चुंबक काढलं, टिक, टिक. लावलं, गप्प. असं तिनं पाच वेळा केलं, एकेका बाजूच्या लोकांकडे वळून.

"वळखा साहेब, कोनाचा हाय हा डबा? तुमचाच. बॅटरी बदलून देली मी."

साहेबांच्या कपाळावर घाम आला. मग त्यांना वाट सापडली. मी ती वाट तोंडावर उमटताना पाहिली. "या सेटमधला मिक्सर परवा कुणी बसवला? तुम्हीच! लोकहो, हा आमचा माल नाही. असला जुगाड केल्यावर—"

"सेट खोटं बोलनारच," खैरुननं वाक्य पुरं केलं. "हेच बोल होते ना तवा? शब्द बी नाई बदलले तुम्ही." ती दिव्यानीताईंकडे वळली. "ताई, साहेबाच्या गाडीत दुसरा सेट हाय. कंपनीचं सील हाय त्याच्यावर. माहा हात लागला नाई त्याले. पोचूदादाच्या हातानं फोडा."

"सील फोडता येणार नाही," साहेब म्हणाले. "नियम आहे तसा."

"बावीस गावांले गळ्यात बांधून राह्यले, आन एक सील नाई फुटत तुमच्यानं?" दिव्यानीताई म्हणाल्या. "आन रे पोचूकाका."

पोचूनं सील दातानं तोडलं. नवा कोरा सेट. खैरुन डबा घेऊन पुन्हा अंगणवाडीच्या ओट्याशी जाऊन उभी राहिली, एकटी, सगळ्यांना दिसेल अशी. पोचूनं अँटेना तिच्याकडे धरली.

टिक. टिक. टिक.

"गप काऊन झाले साहेब?" कुणी तरी मागून ओरडलं. "आता कोनाचा जुगाड हाय?"

पोचू खालच्या आवाजात बोलला, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "त्या दिशी नाल्यावरच्या पिंजऱ्यात डुक्कर सापडलं होतं. पिंजऱ्यावर असाच डबा होता. मी वाघीन समजून डुकराले ऐकत होतो."

खैरुननं तेव्हा पावती काढली आणि दिव्यानीताईंच्या हातात दिली. ताईंनी उभं राहून मोठ्यानं वाचली. चाळणी नाही. जागेवर तार. दुसऱ्या लहरीचा आवाज येऊ शकतो. साहेबांस सांगितले. "सही, प्रफुल," त्या म्हणाल्या आणि कागद त्यांच्या नाकासमोर धरला. "तुमचीच का जी?"

आणि खैरुननं ते पाहिलं, ज्यासाठी ती आठ वर्षं थांबली होती. साहेबांचं तोंड राखेसारखं झालं. ओठ हलत होते, आवाज नव्हता. नजर ठेवायला जागा सापडत नव्हती. ती पुढं गेली, त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी राहिली, आणि सावकाश, पोटभर पाहत राहिली. कुणी तिला मागं ओढलं नाही. मीही नाही. खरं सांगायचं तर मलाही ते पाहायचं होतं.

"चाळनी काऊन काहाडली?" तिनं विचारलं.

"सेट लहान करायचा होता," साहेब पुटपुटले. "वाटलं, या जंगलात दुसरी लहर कुठून येणार..."

"जोरानं बोला. मागं ऐकू नाई गेलं."

त्यांना ते तीनदा म्हणावं लागलं. बाया उठल्या होत्या. गाडी गेली तेव्हा तिच्या काचेवर शेण होतं. दोन्ही सेट चिंचेखालीच राहिले.

खैरुन पाणी प्यायला बसली. चेहरा उजळला होता. तेवढ्यात पोचू समोर येऊन उभा राहिला. पावती त्याच्या हातात होती. वाचता त्याला फार येत नव्हतं, पण तारखेवर बोट ठेवलेलं होतं.

"खैरुनबाई, ही तारीख कमळेच्या आधीची हाय ना?"

"हो, दादा. चार दिवस आधीची."

"म्हंजे गफ्फारभाऊले मालूम होतं. दुसरा आवाज येऊ शकते म्हनून."

मी खैरुनकडे पाहिलं. नाही म्हणायला जागा होती. कंपनीनं दडवलं, अब्बांना नीट कळलं नव्हतं, असं काहीही सांगता आलं असतं. त्या घडीला गावानं तिचं सगळं ऐकलं असतं. तिनं पाण्याचा गडवा खाली ठेवला.

"मालूम होतं," ती म्हणाली.

"साहेबाले सांगतलं त्यानं."

"हो."

"सेट त मी नेला त्याच्या हातून. बाकड्यावर बसून त्याचा चा पेलो. पावसाचं बोललो, पोरीच्या लग्नाचं बोललो." पोचूनं तारखेवरचं बोट उचललं. "मले काऊन नाई सांगतलं?"

गल्लीतल्या आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं काऊन ते. साहेबाला सांगितलं, पावतीवर लिहिलं, सही घेतली, की काम पुरं झालं, हीच सगळ्यांची रीत. सेट ज्याच्या खांद्यावर जाणार, त्याला कोण सांगत बसतो?

पोचूनं पावतीची घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. "हे मी ठेवतो. दोघायची सही हाय याच्यावर."

तिच्या बापाच्या इमानाचा तेवढाच एक कागद होता. तिचा हात उठला, अर्ध्यावर थांबला, खाली आला.

"ठेवा, दादा," ती म्हणाली.

परत येताना गाडीत ती पावतीच्या रिकाम्या पिशवीची घडी घालत राहिली.

आठवड्यानं प्रफुल साहेबांचा फोन आला. मग रोज येऊ लागला. ती उचलत नाही. टेबलावर तो वाजत राहतो आणि ती तारा गुंडाळत राहते. "सोडलं नाई मी त्याले," ती मला सांगते. "दोन्ही सेट उघडे करून दिव्यानीताईनं बावीस गावांत फिरवले. आता कंपनीचं पत्र आलं का माफीचं, ते बी फिरवू."

पोचू एकदाच आला, ते दोन सेट घेऊन. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला, बाकड्यावर बसला नाही. चहा नको म्हणाला. तिनं दोन्ही सेटमधली तार तोडली आणि रिकाम्या जागी तीन तीन गुंडाळ्या बसवल्या. काळा डबा वाजवून दाखवला. सेट गप्प राहिले. मग तिनं पावती लिहिली, आणि सही मागायच्या आधी मोठ्यानं वाचू लागली. हा सेट काय ऐकतो. काय ऐकू शकत नाही. बॅटरी उतरल्यावर कुठं चुकू शकतो.

"पुन्हा वाच," पोचू उंबऱ्याबाहेरून म्हणाला.

तिनं पुन्हा वाचली.

"अजून एक डाव."

मी ओसरीवरून पाहत होते. ती उठली, कागद घेऊन उंबऱ्याशी गेली, आणि त्याच्या समोर उभी राहून तिसऱ्यांदा पहिल्या ओळीपासून वाचू लागली.